पहिला रेकॉर्ड प्लेअर घेताना



आपल्या ग्रंथालयातल्या एका कपाटात आता पुस्तकांशेजारी तबकड्या उभ्या आहेत. कुणी घर बदलताना, कुणी आजोबांच्या पश्चात माळा आवरताना त्या शाळेकडे आणून दिल्या. भंगारवाल्याला द्यायला हात धजला नाही, घरात ठेवायला जागा नाही, मग शाळा आठवली. संग्रह झाला, पण तो ऐकायला यंत्र नाही. ते घ्यावे असा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. दुसरीकडे पालकही विचारतात, ‘मुलीला वाढदिवसाला रेकॉर्ड प्लेअर हवा आहे, कोणता घेऊ?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे संगीत आणि विज्ञान शिकवणारे आम्ही शिक्षक मिळून हा पाठ लिहीत आहोत.

घाई का नको, ते आधी सांगतो. मोबाइल वाईट निघाला तर त्यातले गाणे खराब होत नाही. रेकॉर्ड प्लेअर वाईट निघाला तर तो गाणेच खरवडतो. एकदा खरवडलेली तबकडी कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. बाजारात नवी मिळणारी एलपी असेल तर नुकसान पैशाचे. पण पणजीने जपून ठेवलेल्या नाट्यगीताच्या तबकडीची दुसरी प्रत कुठे शिल्लक असेल की नाही, कोण सांगणार? म्हणून स्वस्त यंत्र जरूर घ्यावे, पण कोणते स्वस्त चालते आणि कोणते महागात पडते हे समजून घ्यावे.

तबकडीवर काय असते?

वर्गात आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो. एलपीच्या एका बाजूवर किती खाचा असतात? मुले शंभर म्हणतात, हजार म्हणतात. उत्तर आहे एक! बाहेरच्या कडेपासून आत लेबलापर्यंत गुंडाळत गेलेली एकच सलग खाच. ती सरळ केली तर किती लांब भरेल, हे आठवीच्या मुलांना काढता येते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. १२ इंची तबकडीवर संगीताची सर्वांत बाहेरची त्रिज्या सुमारे १४.६ सेंटिमीटर आणि आतली साधारण ६ सेंटिमीटर धरा. परीघ काढून १.८ ने भागले की बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत जेमतेम २१. सरासरी ३६ धरली आणि बाजू २२ मिनिटांची असली, तर एकूण लांबी सुमारे ४७५ मीटर येते. जवळजवळ अर्धा किलोमीटर वाट, आणि तिच्या दोन्ही भिंती गाण्याप्रमाणे नागमोडी कापलेल्या. सुई या वाटेवरून चालते, भिंतींमुळे हलते, आणि त्या हालचालीची वीज होते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. आत येता येता तेच गाणे निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेले असते. म्हणून बाजूच्या शेवटी आवाज किंचित फाटल्यासारखा येतो, आणि साध्या सुईवर तो जास्त जाणवतो. दुकानात यंत्र तपासताना सगळे पहिलेच गाणे लावतात. तुम्ही शेवटचे लावा.

७८, ४५ आणि ३३⅓

भारतात पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले. तिथे गौहरजान गायल्या. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे तबकड्या लाखेच्या होत्या, त्याच लाखेच्या जिच्या बांगड्या इथे बाजारात मिळतात. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून ती काळी, जड, पण काचेसारखी ठिसूळ तबकडी बनवत. ती मिनिटाला ७८ फेरे फिरे, आणि १० इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. ख्याल तीन मिनिटांत आटोपायची कसरत त्या पिढीतल्या गायक-गायिकांनी कशी केली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लॅस्टिकची, बारीक खाचेची ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि आपल्या संगीताला खरा श्वास घेता आला. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांची १९६० ची एलपी घ्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ती विलंबित बढत ७८ च्या तबकडीवर मावणे शक्यच नव्हते.

यंत्र निवडण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे या दोन प्रकारांच्या खाचांची रुंदी अगदी वेगळी आहे. ७८ च्या जाड खाचेसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन लागते, तर एलपीच्या बारीक खाचेसाठी १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत लोळते, गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते आणि सुई झिजते. उलट ७८ ची सुई एलपीवर लावली तर ती खाचेत शिरतच नाही, काठ चेचत जाते. म्हणून ‘तिन्ही वेग आहेत’ एवढे खोक्यावर वाचून खूश होऊ नका. सुई बदलता येते का, आणि ७८ ची वेगळी सुई मिळते का, हे विचारा.

घरात कर्ण्याचा किंवा पेटीचा चावीचा ग्रामोफोन असेल तर तो ठेवा, पुसा, पाहुण्यांना दाखवा. त्यावर एलपी मात्र कधीही लावू नका. त्याचा आवाजाचा डबा शंभर ग्रॅमपेक्षाही जड असतो आणि त्याची पोलादी सुई एक बाजू वाजली की बदलायची असते. व्हिनाइलची तबकडी त्याखाली एका फेरीत निकामी होते.

सुईचा भार

पेटीसारखे उघडझाप होणारे, रंगीबेरंगी, आतच स्पीकर असलेले प्लेअर हल्ली सगळीकडे दिसतात. किंमत कमी, दिसायला गोड, वाढदिवसाला द्यायला सोयीचे. आमचे मत स्पष्ट सांगतो. घरातल्या जुन्या तबकड्यांसाठी ते घेऊ नका.

कारण त्यांच्या सुईच्या भारात आहे. चांगल्या साध्या यंत्रात सुई खाचेवर दोन ते साडेतीन ग्रॅम भार देते. या पेटीवाल्या यंत्रांत तो बहुतेक वेळा पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो आणि तो कमी करायची सोयच नसते. दोन काय आणि पाच काय, ग्रॅमच ना, असे वाटेल. सातवीतला दाबाचा धडा आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सुई भिंतीला जिथे टेकते ती जागा एका चौरस मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तो हजारावा भाग जरी धरला, तरी दोन ग्रॅमचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलो होतो. खरा दाब त्याहून पुष्कळ जास्त. आता दोनच्या जागी पाच ठेवून पाहा.

दुसरा दोष स्पीकरचा. सुईचे कामच मुळी थरथर पकडण्याचे. त्याच खोक्यात खाली स्पीकर थरथरतो आणि ती थरथरही सुई इमानाने पकडते. आवाज वाढवला की घूं घूं सुरू होते, कधी सुई उडी मारते. त्यातल्या सिरॅमिक पिकअपला वेगळा वर्धक फारसा लागत नाही म्हणून यंत्र स्वस्त पडते, एवढाच त्याचा गुण. जुन्या घरगुती प्लेअरांतही, उदाहरणार्थ आपल्याकडे घरोघरी असलेल्या एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या यंत्रांत, याच जातीचे पिकअप असे. त्यांच्यावर आपण लहानपणी प्रेम केले हे खरे, पण त्या काळी तबकडी दुकानात पुन्हा मिळत होती.

मग काय घ्यावे?

सुरुवातीच्या यंत्रात आम्ही पुढील गोष्टी पाहतो. पिकअप चुंबकीय असावे. सुई हिऱ्याची असावी आणि ती सुटी बाजारात मिळावी. थाळी धातूची किंवा निदान वजनदार असावी, कारण जड थाळीचा वेग डगमगत नाही. स्पीकर यंत्राबाहेर असावेत. बाकी दिवे, ब्लूटूथ, लाकडी दिसणारा कागद, यांना आम्ही गुण देत नाही.

नाव घेऊनच सांगायचे तर ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एटी-एलपी६०एक्स हे यंत्र नवशिक्यासाठी योग्य आहे. बेल्टवर फिरते, बटण दाबले की आर्म आपोआप उचलला जातो, बाजूच्या सुरुवातीला टेकतो आणि संपल्यावर परत येतो. त्यामुळे थरथरत्या हाताच्या आजीलाही आणि पाचवीतल्या नातवालाही ते चालवता येते. भार कारखान्यातच ठरवलेला आहे, जुळवाजुळव करावी लागत नाही. सुई झिजली तर तीच बदलता येते, पूर्ण पिकअप मात्र बदलता येत नाही. वेग दोनच, ३३⅓ आणि ४५. म्हणजे ज्या घरात फक्त एलपी आणि लहान तबकड्या आहेत, त्यांचा प्रश्न इथेच संपला. किंमत पेटीवाल्या प्लेअरपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त पडते हे कबूल. पण तिच्यात ध्वनीचे सगळे काम नीट होते.

ज्यांच्याकडे ७८ च्या तबकड्या आहेत, त्यांना यावर भागवता येणार नाही. आपली शाळा याच गटात मोडते. त्याच कंपनीचे एटी-एलपी१२०एक्सयूएसबी हे यंत्र साधारण दुप्पट किमतीचे आहे, पण त्यात तिन्ही वेग आहेत, मोटर थेट थाळीला जोडलेली आहे आणि भार कमीजास्त करता येतो. त्याच्या पिकअपची सुई ओढून काढता येते आणि त्या जागी ७८ साठीची जाड सुई बसवता येते. ही ७८ ची सुई सुमारे पाच ग्रॅम भारावर चालवायची असते. ‘आत्ताच तर पाच ग्रॅमला नावे ठेवलीत’ असे कुणी म्हणेल. ठेवली, पण एलपीसाठी. जाड सुईचे टोक मोठे, खाच रुंद आणि लाखेची तबकडी कठीण, त्यामुळे तिथे हा भार योग्यच आहे. मात्र एलपी लावण्याआधी सुई बदलून भार पुन्हा दोन ग्रॅमवर आणायला विसरलात तर सगळे मुसळ केरात! शाळेच्या यंत्रावर आम्ही दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावणार आहोत.

या यंत्राचा आणखी एक फायदा संगीताच्या शिक्षकांना विशेष वाटतो. त्यात वेग थोडा कमीजास्त करणारी सरकपट्टी आहे. ७८ च्या म्हणवल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ ला मुद्रित नव्हत्या. कुठे सत्तरच्या घरात, कुठे ऐंशीच्या वर. वेग चुकला तर षड्ज चुकतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘काय पट्टी होती त्यांची!’ पट्टी त्यांची नसते, मोटरची असते.

अमेरिकेहून येणारे यंत्र

हा भाग वेगळा लिहितो, कारण आपल्यातल्या पुष्कळ घरांतली मुले-मुली परदेशी आहेत आणि ‘दादाला सांगू, तिकडून जुना चांगला प्लेअर आणेल’ हे वाक्य आम्ही वरचेवर ऐकतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो हे सगळ्यांना ठाऊक असते. हर्ट्झचा सुटत नाही. जुन्या बेल्टवाल्या पुष्कळ यंत्रांत अशी मोटर असते की तिचा वेग विजेच्या हर्ट्झवरच ठरतो. तसे यंत्र इथे लावले तर वेग ५०/६०, म्हणजे पाच षष्ठांश होतो. ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे.

कानाला काय ऐकू येईल? ६ आणि ५ हे गुणोत्तर म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार यांचे गुणोत्तर. पूर्ण गाणे एका कोमल गंधाराइतके खाली उतरेल. काळी एकला गाणारी बाई खालच्या काळी पाचला गाऊ लागेल आणि तेही झोपेत गायल्यासारखे. काही यंत्रांत ५० हर्ट्झसाठी वेगळी पुली मिळते, ती मिळाली तर ठीक. नव्या यंत्रांत बहुधा भिंतीवरचा छोटा अडॅप्टर असतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापले असेल तर काळजी नाही. आणण्याआधी दादाला मागच्या बाजूच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा.

आवाज बाहेर कसा येतो

चुंबकीय पिकअपमधून येणारी वीज फार क्षीण असते, तीन ते पाच मिलिव्होल्टच्या आसपास. घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या ऑक्स खोबणीला शेकडो मिलिव्होल्ट लागतात. मध्ये फोनो प्रीअँप हवा. तो नुसता आवाज मोठा करत नाही, आणखी एक काम करतो. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान आणि तार स्वर मोठे करून कोरलेले असतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद डुलेल की शेजारच्या फेऱ्याला धडकेल. तार स्वर मोठे कोरले की तबकडीची सरसर त्यामानाने दबते. वाजवताना हे सगळे उलट करावे लागते. १९५४ पासून या उलटसुलटीचे एक ठरलेले माप आहे, आरआयएए नावाचे. दोन्ही टोकांना ते जवळजवळ २० डेसिबलचा फरक करते. प्रीअँप नसेल तर गाणे डब्यातून आल्यासारखे, पातळ आणि बारीक ऐकू येते. पुष्कळ लोक इथेच ‘प्लेअर खराब आहे’ म्हणून परत करतात.

वर सांगितलेल्या दोन्ही यंत्रांत प्रीअँप आतच आहे. मागे एक खटका असतो, तो ‘लाइन’कडे ठेवला की वायर सरळ सिस्टिमला किंवा वीज जोडलेल्या स्पीकरला लावता येते. घरात चालू स्थितीतली जुनी सिस्टिम असेल तर नवे स्पीकर घेऊ नका, ते पैसे सुईसाठी ठेवा. स्पीकर मात्र प्लेअरच्या टेबलावर नकोत.

तराजू आणि शंभर फेरे

भार बदलता येणाऱ्या यंत्रात तो कसा ठरवायचा, हे आम्ही नववीला उत्तोलकाच्या धड्याबरोबर शिकवणार आहोत. आर्म म्हणजे वाण्याचा तराजूच. एका टोकाला पिकअप, दुसऱ्या टोकाला वजनाचा गोळा. आधी अँटिस्केटिंगचा आकडा शून्यावर ठेवायचा. गोळा हळूहळू फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल अशी स्थिती आणायची. सुई तेव्हा कशालाही टेकू द्यायची नाही. मग गोळ्यावरची आकड्यांची चकती तेवढी फिरवून शून्यावर आणायची, आणि त्यानंतर गोळा चकतीसकट पुढे घ्यायचा. चकतीवर दोन आला की भार दोन ग्रॅम. शेवटी अँटिस्केटिंगही दोनवर. ‘जितका हलका तितके चांगले’ असे समजून कुणी एका ग्रॅमवर ठेवतात, तेही चूक. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटत जाते. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच राहावे.

वेग तपासायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेरे मोजा. ३३⅓ गुणिले ३ बरोबर १००. नेमके शंभर भरले तर वेग बरोबर. एखाददुसऱ्या फेऱ्याचा फरक म्हणजे शेकडा एक-दोन, तो कसलेल्या कानाला कळतो. मोठ्या मुलांनी याहून नेमकी रीत करून पाहावी. आपल्या विजेवर साधा पिवळा बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. एका फेऱ्याला १.८ सेकंद, म्हणजे एका फेऱ्यात १८० वेळा. गोल कागदावर समान अंतरावर १८० काळ्या रेघा काढून तो थाळीवर ठेवला आणि त्या बल्बखाली पाहिले, तर वेग बरोबर असताना रेघा जागीच उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग बहुधा फसतो, का ते विचार करा.

जुने घ्यायचे असेल तर

भंगार बाजारात किंवा ओळखीतून मिळणारे जुने यंत्र वाईटच असते असे नाही. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ साली निघालेले यंत्र आजही लोक हौसेने वापरतात, फक्त ते स्वस्त मिळत नाही. जुने पाहायला जाताना घरातली एक टाकाऊ एलपी बरोबर न्या, विकणाऱ्याच्या तबकडीवर विसंबू नका. थाळी हाताने फिरवून सोडा, ती निवांत फिरत थांबली पाहिजे, घासल्याचा आवाज नको. आर्म बोटाने अलगद डावी-उजवीकडे न्या, कुठे अडकता कामा नये. बेल्ट सैल असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो. सुई तर बदलायचीच, हे किमतीत धरून चाला. आणि त्या पिकअपची सुई आज मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. सुई न मिळणारे यंत्र शोभेचेच.

सुई किती दिवस टिकते हेही लोक विचारतात. साध्या हिऱ्याच्या सुईला कंपन्या ३०० ते ५०० तास सांगतात. रोज एक एलपी, दोन्ही बाजू मिळून पाऊण तास, असे धरले तर वर्षाला सुमारे २७४ तास होतात. म्हणजे रोज ऐकणाऱ्याने वर्ष-दीड वर्षाने सुई बदलावी. हा खर्च सुरुवातीलाच गृहीत धरावा, अशी विश्वस्तांना आमची विनंती आहे. अंदाजपत्रकात आम्ही यंत्र एक आणि सुया चार अशी मागणी केली आहे. दोन एलपीच्या, दोन ७८ च्या.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे पुष्कळांना माहीत असते. तबकडीबरोबर पिकअप आणि सुईही पाठवली आहे, आणि ती कशी वाजवायची याच्या आकृत्या वेष्टनावर कोरल्या आहेत, हे कमी जणांना माहीत असते. परग्रहावरच्या श्रोत्याला सुई शोधत फिरावे लागणार नाही, एवढी काळजी त्या शास्त्रज्ञांनी घेतली!

तबकड्या आणताना

शाळेचे यंत्र आल्यावर घरातल्या तबकड्या आणून ऐकायची सोय आम्ही करणार आहोत. ७८ च्या तबकड्यांचे यूएसबीवरून संगणकात मुद्रणही करून ठेवू. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे असतो, गीताचा आणि चालीचा हक्क निराळा. त्यामुळे ही मुद्रणे शाळेत अभ्यासासाठीच राहतील.

आणताना तबकड्या उभ्या आणाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत. दुपारच्या उन्हात गाडीत ठेवू नयेत, व्हिनाइल तापून वाकडे होते आणि मग सुई त्यावर होडीसारखी डुलते. घरी धुवायचा मोह झाला तर एलपी ऊर्ध्वपातित पाण्याने, मऊ फडक्याने, लेबल कोरडे ठेवून पुसावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा नेलपॉलिशचा रिमूव्हर अजिबात लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि गाणे फडक्यावर येते. ती कोरड्या मऊ ब्रशने झटकून तशीच आणा, बाकीचे आम्ही पाहू. तडा गेलेली असली तरी टाकू नका. लेबलावरचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्यायचा आहे. प्रत्येक तबकडीबरोबर एका चिठ्ठीवर ती कुणाची, घरात कधी आली आणि कोण ऐकत असे, एवढे लिहून आणावे. आजी-आजोबांना विचारून लिहिलेत तर उत्तम.